पहिल्या नंबरचा मान

पुण्याच्या कॉलेजची शिष्यवृत्तीची मुलाखत सुरू झाली आणि लॅपटॉपवरचे तिन्ही परीक्षक तोंड उघडे ठेवूनच थिजले. गरिमाचा आवाजही तिकडे पोहोचेना. "पंधरा मिनिटांत जोडल्या गेल्या नाहीत तर पुढच्या मुलीला बोलावू," असा निरोप पडद्यावर आला आणि तोही अर्धाच दिसला.

"आत्याआजी, फिर से गया! सकाळपासून हेच चाललंय."

माधवगंजातल्या त्या घराच्या जाड भिंतींत मोबाइलला रेंज मिळत नसे. गच्चीवर मिळायची, पण खाली रस्त्यावर मिरवणुकीचे ढोल वाजत होते. बाहेर पडायलाही वाट नव्हती.

सुलोचनाबाई, तिच्या आजोबांची बहीण, बरीच वर्षे शाळेत संगणक शिकवत असत. त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "रडू नकोस. आधी शोधू, कुठे अडलंय. वरच्या खोलीतल्या प्रिंटरवर एक कागद छाप."

"आत्ता? प्रिंट?"

"छाप तर."

वर प्रिंटर खरखरला.

"म्हणजे घरातल्या घरात निरोप जातोय. तुझं बोलणं लहान लहान तुकडे होऊन निघतं, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. प्रिंटरचा पत्ता घरातलाच, म्हणून तो पोहोचला. पुण्याचा पत्ता असला की तुकडा आधी राउटरकडे जातो, तो बाहेर पाठवतो. आता राउटरचाच पत्ता टाकून बघ, कोण उघडतंय."

गरिमाने आकडे टाकले. राउटरचे पान उघडायला हवे होते. उघडले कॅमेऱ्यांचे, पासवर्ड मागणारे.

"ये क्या है?"

सुलोचनाबाई उठल्याच. "दादासाहेब!"

जयसिंहराव, गरिमाचे आजोबा, दिवाणखान्यात नव्या कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर बसून मिरवणूक पाहत होते. यंत्र काल आले होते आणि आज सकाळी त्यांनी ते स्वतः लावले होते.

"याला नंबर काय दिलात?"

"शेवटचा अंक विचारत होतं. एक घातला. या घरात पहिला मान कोणाचा?"

"एक नंबर राउटरचा आहे! एकाच पत्त्यावर दोघे बसलेत. गरिमाच्या बोलण्याचे तुकडे कधी त्याच्याकडे जातात, कधी तुमच्याकडे. तुमच्याकडे आलेले तिथेच मरतात. बदला."

"दारात एवढी गर्दी, आणि कॅमेरे बंद करू?"

"बंद नको, नंबर बदला."

"दोन नंबर मी घेणार नाही, सुलोचना."

"आबासाहेब, प्लीज, सात मिनिटं राहिलीत!" गरिमा दारात उभी होती.

सुलोचनाबाईंनी आवाज चढवला नाही. शाळेतही कधी चढवला नव्हता. "दादासाहेब, आपल्याकडे दरवाजाशी, देवडीवर कोण बसायचं?"

"देवडीवान. हुजरे."

"एक नंबरवाला तेच काम करतो. घरातलं सामान बाहेर द्यायचं, बाहेरचं आत आणायचं. तुम्ही देवडीवर जाऊन बसलात, आणि बाहेरचा रस्ता तुम्हाला ठाऊक नाही."

जयसिंहरावांची मिशी थरथरली. "देवडीवर? मी?" त्यांनी रिमोट उचलला. "मग कोणता घालू?"

"शंभर. तो कोणाचाच नाही."

यंत्र बंद होऊन परत सुरू झाले. गरिमा धावत लॅपटॉपकडे गेली. पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले.

"झालं नाही, आत्याआजी!"

"राउटर म्हणून कॅमेऱ्याचं यंत्रच लॅपटॉपच्या लक्षात राहिलंय. वायफाय काढ, पुन्हा लाव. म्हणजे तो नव्याने विचारेल, एक नंबर कोणाचा."

तिने काढले. लावले. बाहेरचे ढोल तेवढे ऐकू येत होते.

परीक्षकबाईंचा चेहरा हलला. "गरिमा, हे शेवटचं मिनिट होतं. काय झालं?"

गरिमाने दाराकडे पाहिले. जयसिंहराव ताठ उभे होते. मग त्यांनी हळूच मान हलवली, सांग.

"मॅडम, आमच्या घरात दोघांना एकच पत्ता मिळाला होता," ती म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवले. "अच्छा? मग दुसरा पत्तेवाला तुम्ही शोधलात कसा? तिथूनच सुरू करू या."

गरिमाने खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागली.