मावशींची मुकी माया

निसर्ग केंद्रातल्या मावशींच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असे. त्या झाडांशी बोलत, गळक्या नळाला रागावत, सहलीला आलेल्या पोरांशी तर बोलतच; त्यांचे मास्तर कोपऱ्यात गप्प उभे दिसले तर त्यांनाही बोलतं करत. म्हणून झाडावरून पडलेलं घुबडाचं पिल्लू त्यांनी वाढवायला मागितलं, तेव्हा केंद्रातल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई लगेच हो म्हणाल्या नाहीत.

कारण कुंपणाजवळच्या पिंजऱ्यातच होतं. तिथलं म्हातारं घुबडही मावशींनीच वाढवलेलं. त्यांचे यजमान गेले त्या वर्षी ते आलं. घर खायला उठायचं, मग मावशी त्या पिल्लाला भरवता भरवता आपलं सगळं सुखदुःख सांगत बसत. पिल्लू मोठं झालं ते स्वतःला माणूस समजून. रानात सोडलं, तर भेटलेल्या पहिल्याच माणसाच्या खांद्यावर जाऊन बसलं. त्याने घाबरून काठी हाणली. पंख मोडला, तो कायमचाच. मुलांना ते माणसाळलेलं घुबड फार आवडायचं. मावशी त्यांना सांगत, "याचं वाटोळं मी केलंय. लाडाने केलंय." मुलांना वाटे, मावशी गंमत करताहेत.

दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो; मावशींनी तर या खेपेला तोंडाला कुलूपच लावलं. पिल्लाला माणूस दिसू नये म्हणून अंगात पायघोळ झगा, चेहऱ्यावर जाळी, हातात घुबडाच्या डोक्याचा कापडी मोजा. त्या मोज्याच्या चोचीने उंदराचे तुकडे भरवायचे आणि चकार शब्द न काढता बाहेर यायचं. पिल्लू मान तिरकी करून मोज्याला बिलगे. मावशींच्या घशाशी "अरे माझ्या राजा" येई, आणि त्या ते गिळून टाकत. उरलेलं सगळं संध्याकाळी घरी बाहेर पडे. सून हसून म्हणायची, "आई, घुबडाच्या वाट्याचंही आम्हीच ऐकायचं का?"

पिल्लाला पंख फुटले, ते उडायला आणि शिकार करायला शिकलं. मग परीक्षा ठरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज झगा नको, जाळी नको. तशाच आत जा आणि त्याच्याशी बोला. जवळ आलं तर त्याला आयुष्यभर पिंजरा. घाबरलं तर आजच सोडू.

"मीच कशाला?" मावशींनी विचारलं.

"तुमची चाल त्याच्या ओळखीची आहे. ते तुम्हाला घाबरलं, तर जगात कुणालाही घाबरेल."

खरं सांगायचं तर, दार ढकलताना मावशींना मनातून वाटत होतं की त्याने यावं. एकदाच यावं. या इच्छेची त्यांना लाजही वाटत होती. पण वरवर हाक मारणं म्हणजे परीक्षेत लबाडी. त्यांनी आजवर गिळलेलं सगळं गोळा केलं आणि हाक मारली, "अरे माझ्या राजा, ये. मीच आहे रे. रोज मीच येत होते."

घुबड फुगून दुप्पट झालं. पंख पसरून चोच कटकट वाजवू लागलं. मावशींनी आणखी एक पाऊल टाकलं, हात पुढे केला, पुन्हा तितक्याच मायेने बोलावलं. त्याने झेप घेतली, मनगटावर नखं ओढली आणि वरच्या आडव्या बांबूवर जाऊन थरथरत बसलं. बाहेरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुरे, या आता. मावशी हलल्या नाहीत. त्यांनी रक्ताळलेल्या हातांनी टाळ्या पिटल्या, पाय आपटले आणि घोगऱ्या आवाजात ओरडत राहिल्या, "हट! माणूस दिसला की पळायचं! हट!" घुबड या टोकाकडून त्या टोकाला पळत होतं.

दवाखान्याच्या खोलीत डॉक्टरीणबाई जखम धुऊ लागल्या. दुखतंय का, त्यांनी विचारलं.

"दुखतंय," मावशी म्हणाल्या आणि हमसून हमसून रडल्या. डॉक्टरीणबाईंनी जखम धुणं थांबवलं. म्हणाल्या, हवं तर उद्या सोडू, आज रात्र जाऊ दे.

मावशींनी नकारार्थी मान हलवली. "आजच सोडा. उद्या मी त्याची समजूत काढायला जाईन."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली आणि पिंजऱ्याच्या छताची जाळी काढायला माणसं पाठवली.