जावयाचं कुलूप

आयुष्यभर मी वीज मंडळात खांब आणि ट्रान्सफॉर्मर सांभाळले. घरातला पंखा, मिक्सर, ग्राइंडर, यातलं काहीही कधी दुकानात नेलं नाही. पण जावयाने दिलेल्या टॅबलेटला स्क्रूच नाही. उलटा करून पाहिला, कडेने नख फिरवून पाहिलं. जी वस्तू मला उघडता येत नाही ती माझी कशी म्हणायची?

हेमंत, माझा जावई, डॅलसला असतो. पोरगा गुणी आहे, म्हणूनच पंचाईत. वाईट असता तर भांडलो तरी असतो. मधुमिताचे, आमच्या मुलीचे, दिवस भरत आले तेव्हा माझी बायको मंगला सुखरूप बाळंतपणासाठी पोटाला चोळतात ते तिरुक्करुगावूरच्या देवीचं एरंडेल जिवापाड जपत तिकडे गेली. बाळंतपण सुखरूप झालं. सहा महिन्यांनी परत यायचं ठरलं होतं. म्हाताऱ्यांना फसवणारे फोन फार येतात, म्हणून हेमंतने दोन टॅबलेट कुलूप घालून अगदी सारखे तयार केले, एक तिला, एक मला. मी फोन लावला की तो त्यांच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर वाजतो आणि सगळं घर गोळा होतं. मंगलाच्या टॅबलेटवर एकट्या तिला फोन लागतच नाही, आणि तिचा इथला मोबाइल तिकडे चालत नाही. काहीही बदलायचं तर सहा आकडी संकेत लागतो, आणि तो हेमंतकडे.

म्हणजे नवराबायकोचं बोलणं रोज भर दरबारात. इथे सकाळ, तिथे संध्याकाळ. मी कुंभकोणमच्या स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसतो. तिकडे सोफ्यावर बाळ, मधुमिता, हेमंत, आणि कोपऱ्यात ही, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेली. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या मराठी राजांमागून आमचे लोक इथे आले, तमिळ बोलायला शिकले, सांबारात विरघळले. पण जावयासमोर सासू मोकळी बसत नाही, हे काही सुटलं नाही.

"कॉफी झाली की?" ती विचारते.

"झाली. तुझें जेवण?"

"झालें. इकडे सगळें बरें आहे."

"इकडेही बरें आहे."

झालं. रोज एवढंच. मला सांगायचं असतं की तिच्यासारखी उडदाच्या पिठाची डांगर पचडी तीनदा केली आणि तिन्ही वेळा फेकली. झोपेत कूस बदलली की अजून तिला जागा सोडतो. तिची आठवण येते, फार येते. पण हे जावयाच्या तोंडावर कसं बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शेवटी टॅबलेट घेऊन बसस्टँडजवळच्या स्वामीनाथच्या मोबाइल दुकानात गेलो. त्याने बघितला आणि तमिळमध्ये विचारलं, "सर, याचा मालक कोण?"

"मी. हातात दिसत नाही?"

"हातात तुमच्या आहे. मालक दुसराच कोणी दिसतो. सगळं पुसून टाकलं तरी त्याचाच संकेत मागेल. त्यालाच विचारा ना."

विचारा म्हणे. सासऱ्याने जावयाला काय विचारायचं, मला माझ्या बायकोशी गुलुगुलु बोलायचंय? मी एक शहाणपणा केला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, मला पंचांग टाकायचं आहे, संकेत द्या. हेमंतने हसतमुखाने तिकडूनच पंचांग टाकून दिलं. आता मला रोजचा राहुकाळ कळतो.

मग एका सकाळी मंगला नेहमीपेक्षा मागे सरकून बसली होती. डोळे लाल. मी विचारलं तर म्हणाली, "कांदा चिरला." एकादशी होती. आमच्या घरात एकादशीला कांदा नसतो, हे माझ्या पंचांगालाही ठाऊक. मग मला राहवलं नाही.

"जावईबापू, दोन्ही टॅबलेटांचें कुलूप काढा."

"काय घालायचें आहे, मामा? मी इकडूनच घालतों."

"घालायचें कांहीं नाही. मज हिच्याशीं एकट्याने बोलायचें आहे."

मधुमिता बाळाची टोपी नीट करत बसली. टोपी नीटच होती. हेमंतचे कान लाल झाले. पण पोरगा गुणी, लगेच फोनवर बोटं फिरवली.

"काढलें, मामा. आतां संकेत तुमचा तुम्ही ठेवा. मज आधीं सुचायला पाहिजे होतें."

थोड्या वेळाने माझा टॅबलेट वाजला. पडद्यावर एकटी मंगला, मागे बंद दार.

"बोला," ती म्हणाली.

कितीतरी दिवस घोकलेलं सगळं विसरलो. "घर खायला उठतें," म्हटलं. "तुझ्यावाचून करमत नाही मज. लौकर ये."

ती रडू लागली. मी रडू दिलं. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "हें ऐकायला रोज त्या कोपऱ्यांत बसत होतें. तुम्ही रोज म्हणायचे, इकडे बरें आहे. काल फोन ठेवल्यावर जावयांनी विचारलें, आणखी सहा महिने राहाल काय. मधुमिताची नोकरी सुरू होणार. मनांत म्हटलें, यांचें माझ्यावाचून कांहीं अडत नाही. होय म्हटलें. तिकीटही बदललें."

"मी सांगतों जावयास."

"नको. पोरीला इकडे दुसरें कोण आहे?"

 एक दिवस आधी बोललो असतो तर तिकीट बदललं नसतं, हे दोघांनाही कळत होतं. तेवढ्यात पलीकडे बाळ रडलं. "आलें," म्हणून ती उठली, टॅबलेट खाटेवर तसाच टाकून गेली. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं, आणि लांबून तिचा आवाज, आपल्या मराठीत बाळाला समजावणारा. माझी कॉफी निवली. फोन बंद करायला कुणाचा संकेत लागत नव्हता. मी बंद केला नाही.