फिलिपाचा पत्ता

ब्रागा शहरातल्या त्या क्रीम-साबणाच्या कंपनीत नोएमियाचं काम सांगायला सोपं होतं. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर भलत्याच्या हाती जाऊ द्यायचे नाहीत. आणि ज्याची माहिती त्यानेच मागितली तर महिन्याच्या आत द्यायची. युरोपचा तसा कायदाच आहे. एकाला जाहिराती नको असायच्या, दुसरीला त्वचा तपासण्यासाठी पाठवलेले स्वतःचे फोटो पुसून हवे असायचे. दुपार कलली की तिचे डोळे चुरचुरायला लागत. घरी गेल्यावर नवऱ्याशीही बोलावंसं वाटत नसे.

फिलिपा किंतेला नावाच्या बाईचा अर्ज आला तो अशाच एका दुपारी. तुमच्याकडे असलेली माझी सगळी माहिती पाठवा, पार्सलं गेली ते पत्ते धरून. सोबत ओळखपत्राची प्रत. ईमेलही नोंदीतलाच. नोएमिया उत्तर लिहायला बसली, तेवढ्यात फोन वाजला.

"मी फिलिपाचा नवरा. तिच्या अर्जाचं काय झालं? ती कामात असते, म्हणून मी विचारतोय."

"उत्तर त्यांनाच जाईल."

"सगळं कुठे मागतोय मी? शेवटचं पार्सल कुठल्या पत्त्यावर गेलं, तेवढंच सांगा. घरी आलंच नाही."

"मग बाईंनाच विचारा ना, साहेब."

तो हसला. "तुमचं लग्न झालेलं दिसत नाही."

फोन ठेवून तिने नोंद उघडली. वसंतात पत्ता बदलला होता, किनाऱ्यावरच्या व्हियाना गावाचा. फोन नंबरही नवा होता. ईमेल तेवढा जुनाच राहिला होता.

व्यवस्थापक वाल्देमार कोट हातावर टाकून निघाला होता. तिने त्याला थांबवून सगळं सांगितलं.

"कागद बरोबर आहेत ना? मग पाठव आणि मोकळी हो. नाहीतर तो तक्रार करेल, आणि तू बसशील खुलासे लिहीत."

"तशीही लिहीतच असते. शंका आली तर आधी खात्री करा, असं कायदाच सांगतो."

"कर बाई, तुला हवं ते," तो म्हणाला आणि गेला.

तिने नव्या नंबरावर फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर फिलिपाने उचलला. अर्ज तुम्हीच केलाय का, असं तिने विचारलं.

"मी काही मागितलेलं नाही. त्याला पत्ता मिळाला?"

"आमच्याकडून नाही."

"देवा."

खरं तर इथेच थांबता आलं असतं. पण नोएमियाने जुने निरोप चाळले होते. "बाई, एक सांगायला हवं. 'तुमचं पार्सल व्हियानाच्या केंद्रावर आलंय' असा निरोप जुन्या ईमेलवर गेलाय. तो ईमेल त्यांना उघडता येतो?"

"पासवर्ड त्यानेच बनवून दिला होता." फिलिपाचा आवाज रडका नव्हता, नुसता दमलेला होता. "म्हणजे गाव कळलंय. नव्या घराला आत्ताच तर पडदे लावले होते हो."

"पोलिसांना कळवा. काय घडलं ते मी लेखी देते."

"द्या. आणि माझं सगळं पुसून टाका."

"बिलं कायद्याने ठेवावीच लागतात. ती कुलपात राहतील. बाकी पुसते."

ओळख पटवून घेऊन नोएमियाने ते त्याच संध्याकाळी केलं. फिलिपाच्या नावाने नवऱ्याने केलेला अर्ज मात्र नाकारला.

नवऱ्याने खरंच तक्रार केली. पार लिस्बनच्या माहिती-संरक्षण कार्यालयातून विचारणा आली, तिने चार पानी खुलासा लिहिला, आणि बऱ्याच महिन्यांनी प्रकरण बंद झाल्याचं पत्र आलं. वाल्देमारने ते वाचलं, "बरं झालं," म्हणाला, आणि जेवायला गेला.

फिलिपाने पुन्हा घर बदललं का, की ती तिथेच राहिली, हे नोएमियाला विचारायचं होतं. पण नंबर तिने स्वतःच पुसला होता. बिलांचं कुलूप नुसतं चौकशीसाठी उघडायचं नसतं. तिने पत्र फाइलला लावलं आणि पुढचा अर्ज उघडला. कुणालातरी जाहिराती नको होत्या.