लाल झग्याची बाई

खरं सांगायचं तर तोवर मी गोरा माणूस डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. जुन्या छापील पुस्तकातली टोपी, कुणाच्या तोंडून ऐकलेली दाढी आणि उरलेली माझी अक्कल, एवढ्या भांडवलावर माझी परदेशी माणसांची चित्रं जपानातल्या एदो शहरात धडाधड खपत होती, आणि त्यातली लाल झग्याची बाई तर घरोघरी भिंतीवर चिकटली होती.

"डोळे माझे घेतलेत, मग नाक तेवढं भोपळ्याएवढं का?" बायको ओनुई म्हणाली आणि हसता हसता तिच्या हातातला चहा सांडला.

पुढे कुणीतरी आवई उठवली की शिगेमारूने, म्हणजे मी, हे सगळं घरबसल्या रंगवलंय. माझे प्रकाशक किसाबुरो मला धरून थेट योकोहामाच्या बंदरावर घेऊन आले.

"चित्र खोटं निघालं तर छापायचे ठोकळे चुलीत घालीन," ते म्हणाले. "आणि पुढचं काम दुसऱ्याला."

चित्रांखेरीज मला दुसरं काहीच येत नव्हतं.

भरती नुकती ओसरली होती. कोवळ्या उन्हात एका होडीतून एक बाई उतरली. तोच लाल झगा, तीच छत्री, तेच नाक! हसत हसत ती सरळ आमच्याकडे आली.

"हुबेहूब! अरे गड्या, जिंकलास!" किसाबुरो टाळ्या पिटत नाचू लागले, आणि आनंदाच्या भरात मीही नाचलो. नाचता नाचता माझं लक्ष ओल्या वाळूकडे गेलं. होडीवाल्याची पावलं उमटली होती. तिचं एकही नव्हतं. विलायती बायकांचे पाय कसे असतात हे ठाऊक नसल्यामुळे मी झगा पार जमिनीपर्यंत ओढला होता, हे मला तेव्हा आठवलं.

ती काहीतरी बोलली.

"चित्र फार आवडलं म्हणते," बंदरावरचा दुभाष्या गालात हसत म्हणाला. "पुढच्या चित्रात पायही काढा. म्हणजे घरी चालत जाता येईल."

"जायचं कशाला?" किसाबुरो म्हणाले. "ही इथे फिरतेय तोवर तुला खोटं म्हणायची कुणाची टाप आहे?"

मला दिसावं म्हणून तिने झगा जरासा उचलला. एक छोटा खेकडा एका बाजूने आत शिरला आणि दुसऱ्या बाजूने निवांत बाहेर पडला. ती माझ्याकडे मोठ्या विश्वासाने पाहत होती, आणि मला तिची फार दया आली.

"काढतो," मी म्हणालो.

नवं चित्र पहिल्यापेक्षाही जास्त खपलं. त्यात मी झगा आणखी दोन बोटं लांब केला.