शत्रूच्या जमिनीतला कोबी

युद्ध पुकारायचं तर रोमचा भाला शत्रूच्या जमिनीत रुतला पाहिजे, हा नियम. शत्रू शेजारीपाजारी होते तोवर हे सोपं होतं. पुढे ते समुद्रापलीकडे गेले, आणि तिथवर भाला पोचवणारा पुजारी काही जन्माला आला नव्हता. मग शहाण्यासुरत्या लोकांनी एका युद्धकैद्याला धरून रोमच्याच वेशीबाहेर, युद्धदेवी बेलोनाच्या देवळासमोर, जमिनीचा एक तुकडा विकत घ्यायला लावला. झाली शत्रूची जमीन! तेव्हापासून पुजारी देवळापुढच्या खांबाच्या वरून पलीकडे तिथे भाला फेकायचा आणि दूरदेशीची राज्यं हादरायची.

त्या तुकड्याला लागून हेरेनियाचा मळा होता. बाई विधवा, कोबी विकून तिने आपल्या मुलाला, डेकिमसला, लहानाचा मोठा केला होता. शेजारची जमीन नुसती ओस पडलेली, शत्रू ना पाणी घालायला येतो ना तण काढायला, हे पाहून तिचा जीव जळायचा. तीन वर्षांपूर्वी न राहवून तिने हद्दीचा दगड दोन हात पलीकडे सरकवला. तो दगड हलवणाऱ्याचा जीव हद्दीच्या देवाचा होतो, म्हणजे त्याला कुणीही मारलं तरी चालतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण कोबी फार झकास आला.

यंदा उन्हाळा सरता सरता युद्ध ठरलं आणि डेकिमसचं नाव फौजेत निघालं. सकाळी तो निरोप घ्यायला आला तेव्हा एवढंच म्हणाला, "आई, तिकडे मैदानाजवळ येऊन रडू नकोस हं. रांगेतले हसतात." ती कुंपणाशीच उभी राहिली. पलीकडच्या मैदानात हजारो माणसं भाला पडायची वाट पाहत होती. तो पडला की शिंगं वाजणार आणि फौज निघणार.

पुजारी नॉटिअस सत्तरीचा. भाला तरुणाच्या हाती द्या, असं सगळ्यांनी सुचवून पाहिलं होतं, पण म्हातारा ऐकेल तर शपथ. त्याने टोक रक्तात बुडवलं, मंत्र म्हटले आणि हात उचलला. भाला खांबावरून गेला, वाऱ्यात डुगडुगला आणि दगडाच्या अलीकडे, हेरेनियाच्या गलेलठ्ठ कोबीतून आरपार जाऊन मातीत उभा राहिला.

रोमने हेरेनियाविरुद्ध युद्ध पुकारलं होतं.

कुणी हसलं नाही. भाला रोमच्या मातीत पडला असेल तर सगळं पहिल्यापासून करायचं: शत्रूकडे पुन्हा भरपाईची मागणी, पुन्हा तेहतीस दिवसांची वाट. तोवर समुद्र खवळायचा आणि फौज वसंतापर्यंत घरी बसायची. हातभर इकडेतिकडे झालं तर काय बिघडलं, असं कॉन्सल पुजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाला. साऱ्या फौजेचा धनी तो! नॉटिअसने नकाराची मान हलवली, देवळातला शपथेचा गारगोटीचा दगड मागवला आणि चिखल तुडवत तो मळ्यात आला; मागोमाग कॉन्सलही.

दगड त्याने हेरेनियाच्या तळहातावर ठेवला. कित्येक पिढ्यांच्या हातांनी तो गुळगुळीत झाला होता. राजांशी तह झाले ते त्याच्यावर. हेरेनियाने मान वर केली. कॉन्सलमागे त्याचे बारा दंडधारी होते, त्यांच्यामागे भाल्यांचं रान. तिला बाजूला ढकलायला एक शिपाई पुरेसा होता. म्हाताऱ्याने भाला बरोबर पडला म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? पण एवढी हत्यारं बाळगणारी माणसं एका कोबीवालीच्या शब्दासाठी खोळंबली होती. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. देवळातसुद्धा तिला असं कधी झालं नव्हतं.

"बाई," नॉटिअस म्हणाला, "भाला कुणाच्या जमिनीत आहे?"

माझ्या, एवढंच म्हणायचं होतं. वसंतापर्यंत पोरगा घरात राहिला असता. हद्दीचा दगड सरकवल्याचं तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"कोबी माझा आहे," ती म्हणाली. "जमीन त्यांची. दगड मी सरकवलाय, महाराज."

म्हाताऱ्याने हद्दीच्या दगडाकडे पाहिलं, भाल्याकडे पाहिलं आणि बराच वेळ दाढी चोळली.

"भाला शत्रूच्याच जमिनीत पडलाय. आणि हद्दीचा देव आपला, त्यांचा नव्हे," तो शेवटी म्हणाला. "शत्रूची जमीन गेली असेल तर शत्रूने इथे येऊन फिर्याद करावी."

तेव्हा कुठे लोक हसले. कॉन्सलही हसला आणि त्याने मैदानाकडे हात केला.

शिंगं वाजली. पायांखालची जमीन थरथरू लागली. नॉटिअसने आपला दगड परत मागितला, पण हेरेनियाची मूठ उघडेना. हजारो पाय एका तालात निघाले होते, त्यातले दोन तिच्या पोराचे होते, आणि ते तिच्या शब्दावर निघाले होते.