मिस्त्रीने बसवलेलं स्टिअरिंग

डेपोत तिला सगळे कप्तान म्हणत. सतरा वर्षं बस चालवली आणि एकदाही गाडी कुठे घासली नाही, हे ती स्वतःच दर आठवड्याला कुणाला ना कुणाला ऐकवायची. ऐकणारे कंटाळले, पण ती कधी कंटाळली नाही. अशा बाईला गेले दोन महिने एक साधं चाक फिरवताना घाम फुटत होता, आणि तिने ते डेपोत कुणालाही कळू दिलं नव्हतं. परीक्षेला तीन दिवस उरले होते.

डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळ्यातून निभावून ती कामावर परतली होती, पण बसवर नाही. तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं होतं, आणि 'पाच नंबर कुठून सुटते' या प्रश्नाला दिवसातून दोनशे वेळा तेच उत्तर देऊन तिचं डोकं उठलं होतं. बस परत हवी असेल, तर डेपोच्या आवारात परीक्षकासमोर ती चालवून दाखवायची. पास झाली तर चढावरचा तिचा जुना मार्ग, नापास झाली तर निवृत्तीपर्यंत खिडकी. दुसऱ्या संधीची सोय नियमात नव्हती. इंजेक्शनं अजून चालूच होती, दर तिसऱ्या गुरुवारी एक, आणखी नऊ बाकी. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की आजार आटोक्यात आहे, पण त्याच्यावर नजर ठेवूनच जगायचं. बस चालवायला त्यांची हरकत नव्हती. प्रश्न फक्त डाव्या हाताचा होता.

काखेतल्या गाठी काढल्यापासून तो खांदा आखडला होता. हात हळूहळू गोल फिरवायचा व्यायाम तिला दवाखान्यात शिकवला होता. हे मिस्त्रीच्या कानावर गेलं. मिस्त्री म्हणजे डेपोतला सगळ्यात जुना मेकॅनिक, आणि अर्धवट काम करायची त्याला देवाने अक्कलच दिली नव्हती. त्याने भंगारातून एक अख्खं स्टिअरिंग काढलं, वर्कशॉपच्या भिंतीला लोखंडी चौकट ठोकून त्यावर बसवलं आणि समोर ड्रायव्हरची सीट ठेवली, तीही तिची उंची मोजून. रोज जेवण झालं की वीस मिनिटं इथे बसायचं, असं फर्मान सोडलं. कप्तान पहिल्या दिवशी इतकी हरखली की तिला धड आभारही मानता आले नाहीत.

मग तिने चाक फिरवायला घेतलं. चाक हलता हलेना. उजवा हात ओढून न्यायचा, डावा नुसता मागून फरफटत जायचा. दोन महिन्यांत फरक पडला, नाही असं नाही, पण शेवटच्या आठवड्यातही पूर्ण वळण घेताना तिला दातओठ खावे लागत. मिस्त्रीने विचारलं की ती म्हणायची, झकास आहे. घरी थोरली बहीण रोज संध्याकाळी टेप घेऊन तिच्या हाताला सूज आहे का ते मोजायची. ही थोरली म्हणजे अक्का, शिवणाची दुकानवाली, टेप कायम गळ्यात. सूज कधी निघाली नाही, पण हिचा चेहरा मोजायला अक्काला टेप लागत नव्हती.

"जड जातंय तर सांग ना त्याला," अक्का म्हणाली.

"मला चाक जड झालं हे डेपोत कळलं ना अक्का, तर परीक्षेआधीच माझा निकाल लागला."

यावर अक्काने टेप गुंडाळली आणि दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलली.

परीक्षेच्या सकाळी ड्यूटी नसलेला झाडून सगळा डेपो आवारात हजर होता. कंडक्टर कठड्यावर ओळीने बसले होते. अक्काने दुकान बंद ठेवलं होतं, आणि ती मिस्त्रीच्या शेजारी उभी राहून त्याला उगाचच सूचना देत होती. बसमध्ये माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या भरल्या होत्या. परीक्षक उंच, सुकलेला माणूस, हसणं त्याच्या नोकरीत बसत नसावं. वळणावर केशरी कोन मांडले होते. दोन पडले तर चालतील, तिसरा पडला की उतरायचं, एवढं सांगून तो शेजारच्या सीटवर बसला.

तिने इंजिन चालू केलं. ती घरघर पायातून वर चढली आणि इतक्या महिन्यांनी कप्तानला आपण जागच्या जागी आलो असं वाटलं. पहिलंच वळण डावीकडे होतं. वर्कशॉपमधल्यासारखे तिने दात आवळले, खांदा घट्ट केला आणि सगळा जोर लावून चाक ओढलं.

बस गर्रकन वळली. एक कोन आडवा झाला, पाठोपाठ दुसरा. तिने करकचून ब्रेक मारला, मागे चार गोण्या सीटवरून खाली आल्या.

"अजून एक," परीक्षक कागदावरून नजर न उचलता म्हणाला.

स्टिअरिंग तुटलंच, असं तिला आधी वाटलं. तिने चाक हळूच उलट फिरवलं. ते फिरलं. नुसत्या डाव्या हाताने फिरवून पाहिलं, तरी फिरलं. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी. ते लोण्यासारखं फिरलं. दोन महिने ज्या हाताला ती मनातल्या मनात कामातून गेलेला समजत होती, तो हात अख्खी बस दोन बोटांवर वळवत होता. तिला हसू आवरेना.

परीक्षकाने विचारलं, काय झालं. "काही नाही साहेब," ती डोळे पुसत म्हणाली. "हात माझाच आहे ना, ते बघत होते."

मग मात्र कप्तानने बस अशी काढली की कंडक्टर कठड्यावरून उतरून बसच्या बाजूने चालायला लागले. आठच्या आकड्याचं वळण तिने एका दमात घेतलं. चढावर गाडी थांबवून पुन्हा सोडली, ती तसूभरही मागे आली नाही. शेवटी दोन खांबांमध्ये मागे घ्यायची होती. दोन्हीकडे वीतभर जागा. डावा आरसा, उजवा आरसा, पुन्हा डावा, आणि गाडी आत. मागे अक्का मोठमोठ्याने रडत होती, आणि रडता रडता, मी आधीच म्हटलं होतं, असं सगळ्यांना सांगत होती. तिने तसं कधीच म्हटलं नव्हतं.

पास, एवढं लिहून परीक्षकाने पहिल्या वळणाचा खुलासा मागितला. बाकी गाडी इतकी सफाईने चालवणारी बाई तिथेच कशी चुकली? कप्तानने चाक दोन महिने किती जड लागत होतं ते सांगितलं. सगळे मिस्त्रीकडे वळले.

मिस्त्रीचा चेहरा पडला. नव्या बसचं पॉवर स्टिअरिंग म्हणजे त्याच्या मते पोराटोरांचं खेळणं. कप्तानसाठी खरं हवं म्हणून त्याने वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचं, बिनपॉवरचं जड बसवलं होतं. तेही भिंतीवर मोकळं फिरतं म्हणून आतून चाप आवळला होता, रस्त्याचा भार यायला. दवाखान्यात हे कळलं असतं तर दोघांनाही झापलं असतं, आणि बरोबरच केलं असतं.

"एका शब्दाने बोलायचं होतंत," तो म्हणाला. "चाप सैल करायला मला दोन मिनिटं लागतात. पाना खिशातच असतो."

"मला वाटलं, हातच गेला."

मिस्त्री पुढे आला. त्याने तिचा डावा हात आपल्या काळ्या हातांत धरला, आणि तिनेही तो सोडवून घेतला नाही.

ड्यूटी लावणाऱ्या साहेबांकडे ती किल्ली मागायला गेली. जाताना मनात बोलणी जुळवत होती, कारण आता गुरुवारचा विषय काढायला हवा होता. परत आल्या आल्या सुट्ट्या मागायच्या म्हणजे नाक कापून घेण्यासारखं. पण साहेबांनी बोलूच दिलं नाही, भिंतीवरचा फळा दाखवला. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात चढावरच्या मार्गासमोर तिचं नाव छापलेलं होतं. शेजारी एक वेगळा कागद टोचला होता. तिच्या इंजेक्शनच्या नऊ तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे तिची बस चालवणाऱ्या ड्रायव्हरची सही. तारखा संपल्यामुळे दोघे खाली राखीव म्हणून उरले होते. सगळ्यात खाली मिस्त्रीच्या तेलकट अक्षरात लिहिलं होतं: 'मला बस येत नाही. कप्तान दवाखान्यात एकट्या जातात असं अक्कांकडून कळलं. नऊही गुरुवार मी सोबत बसेन.'

तिने दोन्ही कागदांवरची तारीख पाहिली. ती आठ दिवसांपूर्वीची होती.

"परीक्षा आज झाली साहेब," ती म्हणाली.

"तुमची आज झाली," साहेब म्हणाले, आणि त्यांनी किल्ली तिच्या डाव्या हातात ठेवली.