बयाबाईच्या संडासाला कुलूप

सरपंच सयाजीनं संडासाला कुलूप लावलं, तेव्हा बयाबाई आतच होती.

"आरं, मी हाय आत!"

तिची लेक सरूबाई हातातली भांडी टाकून धावली. "काढा आधी ते. आय हाय आत."

"मग आतनं बोलाय न्हाई का येत?" सयाजीनं कुलूप काढलं. लेकीच्या खांद्याला धरून म्हातारी बाहेर आली, तसं त्यानं पुन्हा कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"ह्ये काय नवीन?"

"सरूआक्का, फुडल्या गुरुवारी स्वच्छतेची कमिटी येणार. वाडीत एकेचाळीस संडास. चाळीस आरशावानी चकचकीत हायती. तुजाच तेवढा घाण."

"आमी वापरतो त्यो."

"त्येच तर म्हंतो मी!"

सयाजीचं म्हणणं खोटं नव्हतं. चाळीस संडासांत कुणी कडबा ठेवला होता, कुणी टोमॅटोला औषध मारायचा पंप. आता ते सामान काढून फरशा पुसल्या होत्या, दारं गुलाबी रंगवली होती. खाली खड्डा मात्र एकाच्याही नव्हता. खड्डा कोण बघतंय, असं सयाजीनंच सांगितलं होतं. सरूबाईनं तेवढा खड्डा स्वतः खांदला होता, कारण मागल्या दिवाळीत बांधावरून पडून आईचा खुबा मोडला होता आणि ओढ्यापर्यंत जाणं तिला झेपत नव्हतं.

आता पुन्हा ओढा आला. टोमॅटोच्या वाफ्यांतून सरूबाई आईला जवळजवळ उचलूनच न्यायची आणि बाभळीशी चादर धरून पाठमोरी उभी राहायची. दुसऱ्या दिवशी येताना म्हातारी मटकन बसली. तिसऱ्या दिवसापासून तिनं पाणी सोडलं.

"घोटभर तरी घे आये."

"आत गेलं की भाईर येतंय. नगं. उगं तुजी कंबर मोडायची."

पाचव्या दिवशी तिचे ओठ फुटले, अंग तापलं. ओतूरच्या डॉक्टरनं जीभ बघितली आणि विचारलं, "पाणी का देत नाही यांना?" तिथून सरूबाई थेट सयाजीच्या ओट्यावर गेली.

"किल्ली द्या. आय मरंल माजी."

"तीन दिस कळ काढ, आक्का. अख्ख्या वाडीच्या आरोग्याचा सवाल हाय."

गुरुवारी जीप आली. लेझीम झाली, ओवाळून झालं. कमिटीच्या मॅडम काटक बाई होत्या. त्यांनी सरपंचाच्याच संडासात बादलीभर पाणी ओतलं. ते खाली जाईना. भांडं काठोकाठ भरलं आणि पाणी मॅडमच्या चपलांवर आलं. पुढच्या चार घरी तेच झालं.

"सरपंच, वापरात असलेला एक तरी दाखवा."

सयाजी शेताडीतून पळतच सरूबाईच्या दारात आला. "आक्का, ही घे किल्ली! म्हातारीला बशीव लौकर!"

बयाबाई खाटेवर पडून होती. "मला न्हाई लागली."

"न्हाई लागली? आवं मावशी, तालुक्याची कमिटी आलीया!"

"येऊ दे की. पाच दिस पाण्याचा थेंब न्हाई पोटात. लागंल कुठनं?"

सयाजी माठाकडं धावला. तांब्या भरून आणला, खाटेशी गुडघे टेकले आणि म्हातारीच्या ओठांना लावला. "प्या मावशी. समदा प्या. माज्या गळ्याची आन हाय." एक तांब्या झाला, दुसरा झाला. त्या घरात सरपंचानं कुणाला पाणी पाजल्याचं वाडीनं पहिल्यांदाच बघितलं.

मॅडम दारात आल्या. कुलूप बघून त्यांनी सरूबाईला विचारलं, "तुम्ही तरी वापरता ना?"

"वापरत व्हतो. आठ दिस झालं, स्वच्छ ठेवलाय."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि कागद घडी करून पर्समध्ये टाकला. चहा, नारळ, शाल आटोपून जीप निघाली, तोवर बयाबाईचा तिसरा तांब्या संपला होता.

"सरू," ती म्हणाली, "ऊठ. लागली."

सयाजीनं ऐकलं मात्र, धोतराचा सोगा हातात धरून तो जीपमागं सुटला. "मॅडम! थांबा! लागली! म्हातारीला लागली हो!" ग्रामसेवक त्याच्यामागं, त्याच्यामागं लेझीमवाली पोरं. जीप धुरळा उडवत आळेफाट्याच्या रस्त्याला लागली.

इकडं सरूबाई एका हातानं कुलूप काढत होती. दुसऱ्या हातात आई होती, सगळा भार तिच्यावर टाकून. तो भार आठ दिवसांत किती हलका झाला होता, हे तिला तेव्हा कळलं.